पाय गेल्यावर नसांचं काय करायचं

पाय कापायचा की नाही, हे मला ठरवावं लागलं नाही. ते माझ्या हाडानंच ठरवलं होतं. मला ठरवायचं होतं ते वेगळंच. पाय कापल्यावर आत ज्या नसा उरतात, त्यांचं काय करायचं? असा काही प्रश्न असतो हे मला ठाऊक नव्हतं, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. विचार करायला जे दिवस मिळाले, त्यात मी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरंच बोलत होते. पुढे ज्यांना हा प्रश्न विचारला जाईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला सगळं समजलं आहे म्हणून नाही. अजूनही अर्धंच समजलं आहे.

कोणता पाय

वडील रेल्वेत होते. भंडाऱ्याकडून बदली होऊन रायपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. नवरा, प्रकाश, रेल्वेच्या वर्कशॉपात आहे. मुलगी सोनल कॉलेजात शिकते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. मी नवा रायपुरात एका सरकारी कार्यालयात काम करते. तिकडे जाताना त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर एक गाय आडवी आली, स्कूटर घसरली आणि डावा घोटा मोडला. एवढीच गोष्ट. प्लेट बसवली, टाके निघाले, मी कामावरही जायला लागले.

पण जखम वरून भरली तरी आतून हाड सडत होतं. प्लेट काढली. हाड खरवडलं, मग पुन्हा खरवडलं. घोट्याजवळच्या एका छिद्रातून पू यायचा, बंद व्हायचा, पुन्हा यायचा. दोनेक वर्षं आमचं घर त्या छिद्राच्या तब्येतीवर चाललं. ते कोरडं असलं की आम्ही पाहुण्यांकडे जायचो. ओलं असलं की कोणी कोणाशी बोलायचं नाही.

हाडांचे डॉक्टर नेहमी उभ्यानं बोलायचे. त्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली. त्यांनी शांतपणे सांगितलं की संसर्ग वर सरकतो आहे, आता काढला तर गुडघा वाचेल, थांबलो तर तोही जाईल.

मी विचारलं, "कौन सा पैर?"

माझा बँडेज केलेला पाय त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलेला होता. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यही वाला."

घरी परतताना आम्ही सदर बाजारात थांबलो. सोनलचं कानातलं दुरुस्तीला टाकलं होतं, ते आणायचं सकाळीच ठरलं होतं, म्हणून आणलं. प्रकाश सोनाराकडे गेला आणि मी ऑटोत बसून राहिले. रस्त्यावरच्या गर्दीत मला कोणाचे चेहरे दिसतच नव्हते. नुसते पाय दिसत होते. चपला, बूट, पैंजण, एका बाईची भेगाळलेली टाच. रडू आलं नाही. आपण कानातलं कशाला आणतो आहोत, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं.

नस शोधत जाते

हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला एका प्लास्टिक सर्जन मॅडमकडे पाठवलं. प्लास्टिक सर्जरी म्हणजे नाक-डोळ्यांची, असं मी समजत होते, त्यामुळे पत्ता चुकला असं वाटलं. त्यांचा दवाखाना तेलीबांध्याला, तळ्याच्या अंगाला होता. मॅडम वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी विचारलं, पाय गेल्यानंतर नसलेल्या पायात दुखतं असं कधी ऐकलं आहे का?

मी ऐकलं होतं. पण ती डोक्यातली गोष्ट असते, असंच ऐकलं होतं.

मॅडमनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. पायाकडे जाणारी नस कापली तरी तिला पाय गेल्याचं कळत नाही. ती वाढायला लागते, पाय शोधत राहते. पुढे काहीच सापडत नाही, तेव्हा ती तिथल्या तिथे गुंतून तिची गाठ होते. त्या गाठीला धक्का लागला, नकली पाय घासला, कधी तर काहीच झालं नाही, तरी विजेचा झटका बसल्यासारखं दुखतं. शिवाय गेलेल्या पायाचंही दुखणं उरू शकतं, बोटं पिळल्यासारखं. काहींचं ते थोड्या दिवसांत जातं, काहींचं जन्मभर जात नाही.

पूर्वी नस ओढून, कापून, मांसात खोल सोडून द्यायचे. मॅडम ती सोडून देत नव्हत्या. पोटरीतल्या ज्या स्नायूला आता घोटा हलवायचं काम उरणार नव्हतं, त्यात जाणारी एक बारीक नस घ्यायची आणि कापलेली मोठी नस तिला शिवून द्यायची. जी नस अशी जोडता येणार नाही, तिच्या टोकाला स्नायूचा छोटा तुकडा गुंडाळायचा. म्हणजे वाढणाऱ्या नसेला जाऊन पोचायला जागा मिळते. हे पाय काढतानाच, त्याच ऑपरेशनमध्ये करायचं.

मी विचारलं, मग दुखणार नाही ना?

त्या म्हणाल्या, कमी दुखण्याची शक्यता चांगली आहे, पण शब्द देत नाही. भूल जास्त वेळ द्यावी लागेल. नस नव्या जागी रुजायला काही महिने जातात, तोवर दुखू शकतं. आणि हे करूनही ज्यांचं दुखलं असे रुग्ण त्यांनी पाहिले होते.

बाहेर आल्यावर प्रकाश म्हणाला, त्याला काही कळलं नाही. मला तिथे बसले होते तोवर सगळं कळत होतं. जिना उतरताना सगळं गेलं.

घरातली ओढाताण

प्रकाशचा विरोध होता. तो वाईट माणूस नाही, घाबरलेला माणूस होता. दोन वर्षांत प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी कोणीतरी सांगितलं होतं की हे केलं की बरं होईल. आता पाय कापायचा म्हणजे निदान हे प्रकरण संपेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं, आणि तिथेही आणखी काहीतरी जोडायचं म्हणत होते.

"कापाचं तं कापा," तो म्हणाला. "पण वरून हे काहून? चांगल्या राहिलेल्या भागाले काहून छेडाचं?"

सोनलनं मोबाइलवर बरंच वाचलं होतं. ती बापाशी भांडली. पापा, चांगला भाग नाही राहणार तो, नस तर कटणारच आहे, असं काहीसं ती हिंदीतून समजावत होती. तो म्हणाला, तू डाक्टर आहे का? ती उठून आत गेली. त्या रात्री तिघंही वेगवेगळे जेवलो.

मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत होती. प्रकाश बोलला की वाटायचं, खरंच, जितका कमी हात लावतील तितकं बरं. सोनल बोलली की वाटायचं, नसेला असंच उघड्यावर कसं सोडायचं? मॅडमना मी फोन करून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून म्हटलं, अजून नक्की नाही. त्या म्हणाल्या, विचार करा, पण ऑपरेशनच्या आधी सांगा. नंतर असं नुकत्याच कापलेल्या नसेवर करायची संधी जाते.

माझ्या मनात भीती एकाच गोष्टीची नव्हती. पाय जाण्याची होती, मरण्याची होती, आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, जी गोष्ट नसेल तिच्या दुखण्याची होती. पाय नसेल तर मी चोळणार कुठे?

काकांचा हात

नामदेवकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. रेल्वेच्या यार्डात होते. मी शाळेत असताना शंटिंगमध्ये त्यांचा पाय गेला, माझ्यासारखाच गुडघ्याखालून. आता सत्तरीच्या पुढे आहेत, नकली पाय लावून काठीनं चालतात. लहानपणचं आम्हाला आठवतं ते एवढंच, की पाय गेल्यावर काका कधी कधी दात आवळून भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि मोठी माणसं आम्हाला तिथून हाकलायची. घरात म्हणायचे, धक्क्यानं त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. कोणी म्हणायचं, दारू पिण्यासाठी निमित्त करतो. नंतर ते बंद झालं. म्हणजे भिंतीकडे तोंड करणं बंद झालं.

माझं कळल्यावर काका भेटायला आले. जयभीम झालं, चहा झाला. मी त्यांना नसेचं सगळं सांगितलं, कारण घरात पाय गेलेला माणूस तेवढाच होता. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नसेच्या नादी नको लागू, पोरी. पाय गेला का गेला. माह्याच पाहा ना. आहे काही तरास?"

"दुखत नाही काका? अजिबात?"

"आता काय दुखते? इतकी वर्षं झाली."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. पण त्यांचा उजवा हात खाली गेला होता, नकली पायाच्या पुढे, जिथे बूट होता तिथे. आणि त्या बुटाच्या टोकावर, अंगठा जिथे असतो तिथे, ते बोटं दाबून चोळत होते. बूट पॉलिश केलेला, आत लाकूड का प्लास्टिक काय असेल ते. त्यांना कळतही नव्हतं. बोलणं दुसरीकडे वळलं, बदल्या, पेन्शन, कोणाचं लग्न. हात तिथेच चालू होता.

ते गेल्यावर प्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, सवय असंल. असेलही. पण मी मॅडमना फोन केला आणि सांगितलं, करा.

काका नको म्हणाले आणि त्यांच्याकडे बघूनच मी हो म्हटलं. हे कोणाला पटवून सांगता येईल असं कारण नव्हतं. प्रकाशनं वाद घातला नाही. त्यानं एवढंच सांगितलं, "मले समजून नाही राहिलं. पण तुले पाहिजे तं कर. मी आहे तिथं."

पांघरूण

ऑपरेशनच्या सकाळी प्रकाश स्ट्रेचरजवळ उभा राहून ओठांतल्या ओठांत बुद्धवंदना म्हणत होता. सोनल माझ्या डाव्या पायाकडे बघत नव्हती. मी मात्र बघितलं. दोन वर्षं त्या पायाचा राग केला होता. नखं वाढली होती. कापायला हवी होती, असं मनात आलं.

शुद्ध आली तेव्हा पाय होता. हे सांगितलं की लोक गप्प होतात, पण तसंच होतं. डावा पाय होता, बोटं होती आणि बोटांवर पांघरुणाचं ओझं झालं होतं. मी प्रकाशला म्हटलं, बोटांवरची चादर सरकव, जड होऊन राहिली.

त्यानं खाली पाहिलं. तिथे गादी सपाट होती. मग वाकून, जिथे बोटं असती तिथून त्यानं चादर हळूच उचलली आणि बाजूला केली.

"झालं?" त्यानं विचारलं.

खरंच हलकं वाटलं. कसं, ते मला विचारू नका.

त्या आजारपणात माझ्यासाठी ज्यानं जे केलं, त्यात ही चादर मी सगळ्यात वर ठेवते.

कुठे दुखतंय

पुढचे दिवस दवाखान्याच्या वेळेवर चालले. पहाटे रक्तदाब, मग स्पंजिंग, मग ड्रेसिंग. उरलेल्या पायाला तिथे सगळे स्टंप म्हणत. सोनलला तो शब्द चालायचा नाही, ती "छोटा पैर" म्हणायची. त्याला घट्ट पट्टा बांधायचे, म्हणजे सूज उतरून पुढे नकली पाय बसेल. दुपारी व्यायामाच्या दीदी येऊन गुडघा सरळ करायला लावायच्या. उशी गुडघ्याखाली ठेवायची नाही, असा त्यांचा दंडक. मी चोरून ठेवायची, त्या काढून घ्यायच्या.

नर्स विचारायची, "कहाँ दर्द है?" सोपा प्रश्न, पण मला उत्तर यायचं नाही. टाक्यांचं दुखणं वेगळं होतं, ते कळायचं. पण कधी टाच जळायची. कधी मधल्या बोटांत मुंग्या यायच्या. मी हवेत बोट दाखवायची, पलंगाच्या कडेच्याही पलीकडे, आणि नर्स शांतपणे तिथे बघायची. ती कधी हसली नाही, हे मी विसरणार नाही.

घरी आल्यावर एक दुपार अशी आली की पोटरीच्या आतून झटका सरळ नसलेल्या अंगठ्यापर्यंत गेला. मग दुसरा. मी पलंगाची कड धरून बसले आणि वाटलं, आलंच ते. काकांचं दुखणं माझ्याकडे आलं. सगळं करून फुकट गेलं. प्रकाशनं मॅडमना फोन लावला. त्यांनी गोळी वाढवली आणि आठवण करून दिली की नस अजून पोचलेली नाही, थांबा.

थांबणं म्हणजे काय करणं, हे मला कोणी सांगू शकलं नाही. दुखलं की वाटायचं, शस्त्रक्रिया फसली. नाही दुखलं की वाटायचं, आत्ता दुखेल. प्रकाश रोज विचारायचा आणि मी रोज चिडायची. मग त्यानं विचारणं सोडलं, तेव्हा त्याचाही राग आला.

काही महिने असेच गेले. झटके कधी थांबले ते सांगता येत नाही, कारण थांबलेली गोष्ट लक्षात येत नाही. एकदा तपासणीला मॅडम म्हणाल्या, डाव्या पायाची बोटं वाकवायचा प्रयत्न करा. मी मनातल्या मनात बोटं वाकवली. गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूला, कातडीआड काहीतरी हललं. पुन्हा वाकवली. पुन्हा हललं. जी नस पूर्वी बोटांना सांगायची, ती आता त्या स्नायूला सांगत होती.

सोनल वाकून बघत होती. ती म्हणाली, "मम्मी, ये तो सुन रहा है।"

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. माझी बोटं पोटरीत राहायला आली होती.

आता वर्ष होऊन गेलं आहे. नकली पायावर चालते, कार्यालयात जाते. गेलेला पाय कधी कधी परत येतो, ढगाळ दिवशी जास्त. तळव्याला खाज सुटते, ती खाजवता येत नाही. पण दात आवळावे लागत नाहीत. हे त्या शिवलेल्या नसांमुळे, की माझ्या नशिबात नव्हतंच ते दुखणं? मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, एका माणसाबद्दल हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी समाधानानं घरी जावं अशी त्यांची इच्छा असणार, तरी त्यांनी खोटं सांगितलं नाही.

गाठ

मी चालायला लागले हे कळल्यावर काका पुन्हा आले. मी चालून दाखवलं. त्यांनी माझ्या नव्या पायाचा बूट पाहिला, पट्टा पाहिला. मग काकू सोबत नाही हे बघून विचारलं, "अंगठा नाही पिळत तुह्या?"

मी म्हटलं, नाही.

मला आपण काहीतरी चोरल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, चला ना एकदा मॅडमकडे. या वयात कशाले, म्हणाले. पण उठताना म्हणाले, कधी बसते त्या?

मी आणि प्रकाश त्यांना घेऊन गेलो. मॅडमनी नकली पाय काढायला लावला आणि उरलेल्या पायावर बोटानं हळूहळू टिचक्या मारत गेल्या. वर काही नाही. बाजूला काही नाही. मागे, एका जागी टिचकी पडली आणि काकांनी त्यांचं मनगटच धरलं.

"हाच," ते म्हणाले. "हाच अंगठा."

मॅडमनी सोनोग्राफीचं यंत्र तिथे लावलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. करड्या रेघांच्या शेवटी एक काळपट गोळा होता, हरभऱ्याएवढा. त्या म्हणाल्या, ही गाठ. नसेची. ही काढून नस दुसऱ्या स्नायूत जोडता येते, इतक्या वर्षांनीही येते. पण आधी हृदय तपासावं लागेल, आणि इतकं जुनं दुखणं पूर्ण जाईलच असा शब्द त्या देणार नाहीत.

काकांचं लक्ष ऑपरेशनाकडे नव्हतंच. ते पडद्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे सच्चीत आहे?"

"सच में है, दादाजी," मॅडम म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसून त्यांनी माझा फोन मागितला. मी काकूला लावून दिला. मला आनंद व्हावा की वाईट वाटावं ते कळेना. इतकी वर्षं ती गाठ तिथेच होती. आणि ती सापडली म्हणून एक म्हातारा माणूस ताठ बसला होता.

"सापडली," काका फोनवर म्हणाले. "गाठ आहे म्हणते. हव, पाहिली मी. टीवीवर दाखवली. डोक्यात नाही, पायात आहे."

पलीकडून काकूनं काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हव," ते म्हणाले. "दुखते. आताही दुखून राहिलं."